फाटकापलीकडचं जनावर

ते जनावर नेमकं कोणतं, हेच क्लेम पास्कोला पहिल्या रविवारी उमगेना. कुत्रं म्हणावं तर कान गाढवाचे. कोल्हा म्हणावा तर अंगावरची लव निळी. शेपूट तर कोणाची होती देव जाणे. अडुसष्ट वर्षांत क्लेमने मेंढ्या, गुरं, कांगारू, साप आणि एकदा सर्कशीतून सुटलेला उंटसुद्धा आपल्या कुरणात पाहिला होता, पण असलं काही ऑस्ट्रेलियातल्या विमेराच्या माळावर कधी फिरकलं नव्हतं. आता ते टीव्हीच्या पडद्यावर त्याच्याकडे टक लावून बसलं होतं, आणि क्लेमच्या हातात सोळा बटणांचा एक रिमोट होता. बटणं त्याने मोजली होती.

"ते जनावर म्हणजे मार्नी," फोनवर त्याची मुलगी ब्रॉनी सांगत होती. "ती इथून चालवणार. आणि तो काठीवाला म्हातारा म्हणजे तू."

"म्हातारा व्हायला मला हे खोकं कशाला लागतंय?"

"डॅड, ऐकून घे. दोघांनी मिळून कोडी सोडवायची. तू दांडे ओढायचे, फाटकं उघडायची. ती भोकांतून घुसणार, उड्या मारणार. कानाला लावलंयस ना, त्यातून तिला तुझं बोलणं ऐकू येतं. ती मात्र बोलणार नाही, आधीच बजावलंय तिने. जनावर भुंकेल, तेवढंच."

"चार महिने झाले, ब्रॉनी."

"मला माहितीये किती झाले ते. हा खेळ तिनेच निवडलाय, मी नाही. एवढं तरी केलं तिने. आता तू तोंड सांभाळून खेळ."

ब्रॉनीला जानेवारीत पर्थच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी मिळाली आणि दहा वर्षांच्या लेकीला, मार्नीला, घेऊन ती तीन हजार किलोमीटर लांब गेली. तोवर मार्नी क्लेमच्याच घरात, आजोबाला पॉप म्हणत वाढलेली. आमच्याकडे गाडीत शेजारी जो बसतो, त्यानेच उतरून फाटक उघडायचं, गाडी पार झाली की लावायचं आणि पुन्हा चढून बसायचं. पाच वर्षांची असल्यापासून क्लेमच्या गाडीतली ही नोकरी मार्नीची होती. मागे हौद्यात बिडी, चौदा वर्षांची म्हातारी केल्पी कुत्री, आणि पुढे ही दोघं. फाटकाची कडी हाताला लागत नव्हती तेव्हा मार्नी आडव्या दांडीवर चढून ती काढायची.

त्या दोघी निघायच्या आदल्या आठवड्यात बिडीचे मागचे पाय गेले. आपल्या कुत्र्याचा शेवट आपणच करायचा, ते काम दुसऱ्यावर ढकलायचं नाही, हे क्लेमला त्याच्या बापाने शिकवलेलं. त्याने बंदूक घेतली, बिडीला उचलून हौद्यात ठेवलं, आणि मार्नी नेहमीसारखी शेजारी बसायला धावत आली तेव्हा अंगणाचं फाटक तिच्या तोंडावर लावलं. "तू तिकडेच थांब," एवढंच म्हणाला. पोरीने ते बघू नये, हेच त्याच्या मनात होतं. तिला निरोप घ्यायचा असेल हे त्याच्या टाळक्यात शिरलंच नाही. परत आला तेव्हा ती त्याच जागी उभी होती. त्यानंतर मार्नी त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती, जाताना गाडीच्या खिडकीतूनसुद्धा नाही.

म्हणून क्लेम रिमोट धरून बसला होता. नाहीतर रविवारी दुपारी चार वाजता टीव्हीसमोर बसणाऱ्या माणसांविषयी त्याचं मत फारसं बरं नव्हतं.

पहिला रविवार गोंधळात गेला, पण बरा गेला. खेळातला म्हातारा चालवायचा म्हटलं तर तो बसायचा, बसवायचा म्हटलं तर उडी मारायचा. एका पडक्या दगडी गावातून जायचं होतं. का जायचं, कुठे जायचं, हे कोणी सांगत नव्हतं. क्लेमने आपल्या पद्धतीने काम सुरू केलं. "मागे ये," त्याने जनावराला हुकूम दिला. जनावर पुढे पळालं. "बस." ते गोल फिरलं. त्याने दोन बोटं तोंडात घालून मेंढ्या वळवायची लांब शीळ घातली, तेव्हा जनावर एका भिंतीवर चढलं आणि तिथून त्याच्याकडे बघत राहिलं.

"असलं बहिरं कुत्रं मी जन्मात बघितलं नाही," क्लेम पुटपुटला. मग आपण कोणाबद्दल बोललो ते आठवून गप्प बसला.

कुठलंसं बटण दाबलं गेलं आणि त्याच्या म्हाताऱ्याने आपली काठी विहिरीत फेकून दिली. तेव्हा कानातल्या यंत्रातून, तीन हजार किलोमीटरवरून, नाकातून फुस्स केल्याचा आवाज आला. हसू दाबताना मार्नी असाच आवाज करायची. जनावर विहिरीत उतरलं, काठी तोंडात धरून वर आलं आणि ती त्याच्या पायाशी ठेवली. क्लेमने त्या फुस्सची गोष्ट आठवडाभर शेजारच्या इर्मा शुल्झला सांगितली.

"कळलं रे," तिसऱ्यांदा ऐकल्यावर इर्मा म्हणाली. "पोरगी शिंकली असेल." इर्मा साठीतली, एकटी राहणारी. क्लेमच्या टीव्हीला त्या खोक्याच्या तारा तिनेच जोडून दिल्या होत्या. आपल्या कुरणाचं विजेचं कुंपण स्वतः जोडणाऱ्या बाईला टीव्ही काय जड.

दुसऱ्या रविवारी मात्र घोडं अडलं. गाव संपलं आणि उंच भिंतींमधून जाणारी एक वाट लागली. वाटेवर भरीव लाकडी फाटक होतं. गोल बटण दाबलं की ते उघडायचं. तसं आणखी एक, मग आणखी एक. तिसऱ्या फाटकापलीकडे मोठं दालन होतं आणि जमिनीत दोन चौकोनी दगड बसवलेले. एकावर म्हातारा उभा राहिला की दगड खाली जायचा आणि समोरची भिंत हातभर सरकून थांबायची. दुसऱ्या दगडावर जनावर हवं, एवढं क्लेमलाही कळलं. पण जनावर कुठे होतं?

"मार्नी, ये. इथे उभी राहा," तो म्हणाला.

जनावर भुंकलं. कुठून भुंकलं ते कळेना. लोकर कातरायच्या शेडमध्ये चाळीस वर्षं इंजिनाशेजारी काढल्याने क्लेमचा उजवा कान गेलेला. त्याने दालनाचे चारही कोपरे पाहिले. छत पाहिलं. कोपऱ्यातल्या हौदात काठी घालून ढवळलं. दर थोड्या वेळाने भुंकणं यायचं, आणि दालन रिकामं. शेवटी पाच वाजले, पडद्याच्या कोपऱ्यातला मार्नीच्या नावापुढचा हिरवा दिवा गेला, म्हणजे ती उठून गेली.

आठवडाभर क्लेम विचार करत राहिला. आपलं काय चुकलं? शीळ घातली ते आवडलं नाही का? बहिरं म्हणालो ते लागलं का? पण त्यानंतर तर ती हसली होती. की हे खेळातलंच कोडं, जनावर नाहीसं होतं आणि ते शोधायचं? की मार्नीचं कोडं? मेंढीच्या मनात काय आहे हे त्याला तिच्या कानांवरून कळायचं. हे असं तोंड न दाखवता रुसणं त्याच्या डोक्यावरून जात होतं.

तिसऱ्या रविवारी खेळ तिथूनच सुरू झाला. म्हातारा दालनात, दगडावर. जनावराचा पत्ता नाही. क्लेमने अर्धा तास हाका मारल्या. आधी गोड, मग साध्या, मग कुत्र्यांना मारतो तशा. भुंकणंही आता कमी झालं होतं. कानात फक्त पर्थमधल्या खुर्चीचं कुरकुरणं ऐकू येत होतं. म्हणजे ती तिथे बसलेली होती आणि येत नव्हती. क्लेमचा संयम मुळात फार लांब पल्ल्याचा नाही.

"हे बघ, मार्नी," तो म्हणाला, "यायचं नसेल तर नको येऊस. मी काही हातापाया पडणार नाही."

खुर्ची कुरकुरायची थांबली. मग दिवा गेला.

मंगळवारी ब्रॉनीचा फोन आला. तिचा आवाज रात्रपाळी करून आल्यासारखा दमलेला होता. "काय केलंस तू तिला?"

"मी? मी दोन रविवार त्या दगडावर उभा आहे."

"ती म्हणते पॉप मुद्दाम करतो. काय करतो ते सांगत नाही. म्हणते, आणखी एकदाच खेळीन, मग ते खोकं विकून टाक. डॅड, जुलैच्या सुट्टीत तिला तुझ्याकडे पाठवायचं माझ्या मनात होतं. ती नाही म्हणाली तर मी ओढून आणणार नाही."

"मी मुद्दाम काय करणार? मला धड चालता येत नाही त्यात."

"ते मला नाही माहीत. तुझं तू बघ."

फोन ठेवून क्लेम बराच वेळ ओट्याशी उभा राहिला. चहा ओतलेला होता तो तसाच गार झाला. पोर हातची चालली होती आणि कशामुळे ते समजत नव्हतं, हे त्याला सहन होईना.

गुरुवारी इर्माच्या मेंढ्या व्यायला लागल्या होत्या म्हणून दोघं क्लेमच्या गाडीतून तिच्या मागच्या कुरणात निघाली. हौद्यात स्पड होता, आठ महिन्यांचा केल्पी, इर्मानेच मार्चमध्ये क्लेमच्या गळ्यात मारलेला. पहिल्या फाटकाशी क्लेमने गाडी थांबवली. इर्मा शेजारी बसलेली, म्हणून कुरकुरत ती उतरली, फाटक उघडलं, गाडी पार झाली, तिने फाटक लावलं, कडी घातली, परत चढली. गाडी शंभर पावलं गेली असेल.

"क्लेम, तुझं कुत्रं कुठाय?"

"मागे असेल." क्लेमने वळूनही पाहिलं नाही. चांगल्या कुत्र्याकडे वळून बघायचं नसतं; ते मागे असतंच. बिडी चौदा वर्षं तशीच असायची. फाटक लागायच्या आत पायांमधून सटकन पार.

"मागेच आहे," इर्मा म्हणाली. "फाटकाच्या मागे."

क्लेम उतरून चालत परत गेला. स्पड मध्येच कसला तरी वास घ्यायला खाली उतरला असणार. फाटकापलीकडे तो शांत बसला होता. ना उडी, ना फटीतून घुसायचा प्रयत्न. त्याला तिकडे ठेवलंय म्हणजे तिकडेच राहायचं असणार, असं समजून फक्त क्लेमच्या तोंडाकडे बघत होता. क्लेमचा हात कडीवर गेला आणि तिथेच राहिला.

इर्माने हॉर्न वाजवला. तरी तो हलेना, तेव्हा ती उतरून आली. "काय झालं? पाठ धरली का?"

"त्याला हात नाहीत," क्लेम म्हणाला.

"कुत्र्याला? नाहीतच. आजवर चौदा कुत्री पाळलीस, आज कळलं?"

"इर्मा, त्या खेळात तीन फाटकं होती. तिन्ही मी लावून घेतली. कोणी सांगितलं नव्हतं लावायला. आत गेलो आणि लावली, मागे बघितलंसुद्धा नाही."

इर्माला समजायला क्षणभर लागला. "म्हणजे पोरीला तीन फाटकांमागे कोंडून वर तिलाच म्हणालास, यायचं नसेल तर नको येऊस?"

"म्हणालो."

आमच्याकडच्या कोणत्याही माणसाने हेच केलं असतं. फाटक जसं सापडलं तसं ठेवायचं, लावलेलं असेल तर लावायचं, हे इथे चालायच्या आधी शिकवतात. त्यात विचार करायचा नसतो आणि क्लेमने केलाही नव्हता. पण आता तो दुसऱ्याच फाटकाचा विचार करत होता. अंगणाचं फाटक, आणि पलीकडे त्याच्याकडे बघत उभी असलेली मार्नी, गाडीत आपल्या जागेवर बसायला आलेली. इर्माने त्याच्या हातावरून हात घालून कडी काढली, स्पडला आत घेतलं आणि पूर्ण वाटभर एकही टोमणा मारला नाही. इर्माच्या बाबतीत ही मोठी गोष्ट.

घरी येऊन त्याने ब्रॉनीला फोन लावायला घेतला आणि दोन आकडे दाबून ठेवून दिला. हे दुसऱ्याकरवी सांगायचं काम नव्हतं.

रविवारी चार वाजता म्हातारा दालनात, दगडावर उभा होता. कानात खुर्चीचा आवाज आला. भुंकणं नाही.

"मार्नी," क्लेम म्हणाला, "मी येतोय. जरा वेळ लागेल."

त्याने म्हाताऱ्याला वळवलं. दोनदा तो भिंतीवर आपटला, एकदा उगाच बसला. तिसऱ्या फाटकाशी येऊन क्लेमने गोल बटण दाबलं. फाटक उघडलं. वाट रिकामी. दुसरं उघडलं. रिकामी. पहिल्या फाटकापर्यंत जायला पाच मिनिटं लागली. ती तिथे नसलीच तर? उठून गेली असेल तर? त्याने बटण दाबलं.

जनावर फाटकासमोरच बसलं होतं. दोन आठवड्यांपूर्वी त्याने जिथे सोडलं होतं तिथेच, गाढवाचे कान खाली पाडून.

"मी फाटक लावलं," क्लेम म्हणाला. "मुद्दाम नाही गं. सवयीने. आणि त्या दिवशी घरी लावलं ते मात्र मुद्दाम लावलं. तुला वाईट वाटू नये म्हणून लावलं असं मी मला सांगत आलो. तू बिडीची होतीस, बिडी तुझी होती. तुला येऊ द्यायला पाहिजे होतं. चुकलंच माझं."

लांब कुठेतरी पर्थमधला एक काकाकुवा किंचाळत होता. मग जनावर उठलं, अंग झाडलं आणि फाटकातून आत आलं.

क्लेमने मोठा श्वास सोडला. त्याने म्हाताऱ्याला दालनाकडे चालतं केलं. आठ-दहा पावलांवर, आयुष्यात पहिल्यांदा, तो मागे वळला. जनावर आलं नव्हतं. उघड्या फाटकाशी बसलं होतं. एकदा भुंकलं. पुन्हा भुंकलं.

आता काय? आत आलीस ना? क्लेमचं डोकं पुन्हा गरगरायला लागलं. त्याने शेजारची भिंत तपासली. जमीन तपासली. इथे तर दगड नव्हता, दांडा नव्हता. जनावर तिसऱ्यांदा भुंकलं, चांगलंच वैतागून.

"मला नाही कळत, बाळा," तो म्हणाला. "खरंच नाही कळत. मी काय करू?"

खुर्ची कुरकुरली.

"पॉप," मार्नी म्हणाली. "फाटक."

क्लेमने कानातलं यंत्र आणखी घट्ट दाबून धरलं.

"उघडं टाकलंयस," ती म्हणाली. आवाज थोडा घोगरा, पण तोच. "लाव ना. माझं काम आहे ते, पण मला इथे हात नाहीत."

त्याने म्हाताऱ्याला परत आणलं. चष्मा ओला झाल्याने बटणं दिसत नव्हती. "कुठलं गं ते?"

"गोल. उजवीकडचं. मम्मी किती वेळा सांगते तुला."

फाटक लागलं. म्हातारा आणि जनावर वाटेने निघाले. या वेळी जनावर मागे नाही, शेजारून चालत होतं, त्याच्या पावलाला पाऊल जुळवत. पुढचं फाटक तो उघडंच सोडून आला होता.

"पॉप."

"हं."

"बिडी घाबरली होती का?"

क्लेमने बटणावरून बोट काढलं. पडद्यावर दोघं थांबली. या प्रश्नाला चार महिने झाले होते आणि तो त्याला कोणी विचारलाच नव्हता.

"नाही," तो म्हणाला. "तिला वाटलं, मेंढ्यांकडे चाललोय. ओढ्यापर्यंत कान टवकारून बसली होती. खाली ठेवलं तर माझा हात चाटला. मीच घाबरलो होतो, मार्नी. माझेच हात कापत होते."

"मग मी आले असते तर बरं झालं असतं," मार्नी म्हणाली. "तुझ्यासाठी."

"हो," क्लेम म्हणाला. "बरं झालं असतं."

ती नाक ओढत होती. तोही. थोड्या वेळाने जनावराने त्याच्या काठीला तोंडाने ढोसलं, तेव्हा त्याला आठवलं की आपण खेळात आहोत. क्लेम फाटकाच्या कडेला उभा राहिला, आधी तिला आत जाऊ दिलं, मग आपण गेला आणि गोल बटण दाबलं.